चार बोटांचा फरक

मास्तरांच्या मुलाने अट घातली तेव्हा तो दाढी करत होता. अर्ध्या गालाला फेस लागलेल्या माणसाचं बोलणं एरवी कुणी फारसं मनावर घेतलं नसतं. पण त्याने हातातलं रेझर खाली ठेवलं आणि आरशातूनच वडिलांकडे बघत एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "एकट्याने बसायचं, एकट्याने उठायचं. कुणाचा हात धरायचा नाही. जमलं तर खुशाल घ्या गाडी. नाही जमलं तर हा विषय माझ्यासमोर पुन्हा काढायचा नाही."

"आणि जमलं तर?" मास्तरांनी विचारलं.

"तर मी तोंडातून ब्र काढणार नाही."

"ऐकलंस ना सूनबाई? साक्षीला तू."

सून दारात उभी होती. कडेवर अकरा महिन्यांची ठमी, आणि ठमीच्या तोंडात आईच्या शर्टाचं बटण. साक्षीला उभं करण्याआधी दोघींनाही कुणी विचारलं नव्हतं.

नवऱ्याचं काही चुकत होतं असं तिला वाटत नव्हतं. अपघात झालेल्या गाड्या बघून नुकसान ठरवायचं, हेच त्याचं काम. चेपलेल्या पत्र्यांचे आणि फुटलेल्या काचांचे फोटो त्याच्या मोबाइलमध्ये ठमीच्या फोटोंच्या खालोखाल होते. तो म्हणायचा, लोक आधी इंजिनाकडे बघतात, मी दाराकडे बघतो. आतला माणूस आपलं आपण बाहेर येऊ शकला का? धूर यायला लागला तर दहा सेकंद असतात, फार तर फार बारा. आणि मास्तरांना जी गाडी हवी होती ती जमिनीला पोट घासत चालणारी. दोन सीटची, इंजिन पाठीमागे, गिअर हाताने टाकायचे, सहा. मास्तर एकोणसत्तर वर्षांचे, आणि त्यांचे गुडघे निदान ऐंशीचे.

मास्तर म्हणजे कोट शिवणारे मास्तर. एक्केचाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या अंगावर कोट चढवले आणि दोन महिन्यांपूर्वी दुकान बंद केलं. गाडीचं नाव काढलं तेव्हा घरात सगळ्यात आधी सासूबाई बोलल्या.

"दोनच सीटा? एक तुमची. दुसरी कुणाची तेवढं आत्ताच सांगून ठेवा."

"तुझीच की."

"मला नको बाई. मला तिच्यात घालायला एक माणूस आणि काढायला चार."

"मग रिकामी राहील."

"राहू दे. भाजीची पिशवी ठेवा तिच्यावर. पट्टा लावून."

पैशांवरून कुणी वाद घातला नाही. ते मास्तरांचे होते. वाद होता तो फक्त त्या अटीचा, आणि घाई होती ती शनिवारची. हाताने गिअर टाकायची ही गाडी कंपनी आता बंद करणार होती. शहरात तीन डीलर, तिघांच्याही वाट्याला शेवटची एकेक गाडी, बुकिंग शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत. आज मंगळवार.

"गाडी तीच, रंग तोच, किंमत तीच," सून ठमीला गाडीतल्या बाळखुर्चीत अडकवता अडकवता म्हणाली. "मग तिघांकडे कशाला जायचं बाबा? जवळचा गाठू."

मास्तरांनी तिच्याकडे असं बघितलं जणू तिने शिवण दाताने तोडली होती. "कापड एकाच गिरणीतून येतं गं. मग काय सगळे शिंपी सारखे?"

पहिली शोरूम मोठ्या रस्त्यावर होती, सगळी काचेची. दार कुठे आहे हे कळायला दोघांना काचेभोवती अर्धी चक्कर मारावी लागली. आत सेल्समन तरुण, केसांना चापूनचोपून जेल लावलेला. तो सरळ सुनेकडे आला.

"वेलकम मॅडम. बाबांसाठी काही बघताय?"

"बाबांनाच विचारा ना."

तो मास्तरांकडे वळला आणि त्याने आवाज दुप्पट केला. "आजोबा! उंच गाडी दाखवू का? चढायला-उतरायला एकदम सोपी!"

"मला ऐकू येतं," मास्तर म्हणाले. "ती लाल गाडी बघायची आहे."

लाल गाडीभोवती जाड दोरी लावलेली होती. आत बसायचं तर आधी बुकिंग, असं कळलं. मास्तरांनी हात मागे बांधले आणि विचारायला सुरुवात केली. या मॉडेलच्या आजवर किती विकल्या? तिचं काम करायला शिकलेला मेकॅनिक तुमच्याकडे आहे की दुसऱ्या शहरातून बोलवावा लागतो? चाकांची अलाइनमेंट इथे होते का? प्रत्येक प्रश्नाला सेल्समन म्हणाला, "सर, त्याची काळजीच नको."

"काळजी मी करीन," मास्तर म्हणाले. "तुम्ही उत्तर द्या."

उत्तर आलं नाही. कॉफी आली, ठमीला फुगा आला.

बाहेर येऊन गाडीत बसल्यावर मास्तर म्हणाले, "कोट बघितलास त्याचा? बाही अंगठ्यापर्यंत. स्वतःच्या अंगावर काय आहे ते ज्याला कळत नाही, तो मला काय गाडी देणार!"

सुनेला हसू आलं, आणि हसता हसता तिने गेला महिनाभर मनात घोळणारा प्रश्न विचारून टाकला. "बाबा, पण हीच का? तुम्ही आयुष्यात दुसरी कुठली गाडी मागितली नाहीत. सायकलवर दुकानात गेलात."

मास्तरांनी खिडकीची काच खाली केली. मागे ठमी फुग्याशी भांडत होती.

"माझं दुकान तळघरात होतं, तुला माहितीय. खिडकी वर, रस्त्याच्या उंचीला. मशीनवर बसलं की मला काय दिसायचं? बूट आणि टायर. गिऱ्हाईक कोण आलं ते मी टायरवरून ओळखायचो. वकील म्हणजे उजव्या कडेला झिजलेला टायर. आणि एक जण यायचा अशा बुटक्या गाडीतून. ती एकच गाडी अशी, की तिच्यातल्या माणसाचं तोंड मला खालून दिसायचं. तो सिग्नलला थांबायचा, मान वळवायचा आणि मला मान डोलवायचा. रस्त्यावरून कुणी माझ्याकडे बघितलं असेल तर त्यानेच."

"कोट शिवायचा का तुमच्याकडे?"

"छे! एकदाही आत आला नाही."

एवढंच बोलले. पण तेव्हापासून गाडीचा विषय तिला म्हाताऱ्याचा हट्ट वाटेनासा झाला. आता तिलाही जाणून घ्यायचं होतं, तिथून, इतक्या खालून, जग दिसतं तरी कसं.

त्याच दुपारी गाठलेला दुसरा डीलर लाकडाच्या वखारीमागे होता. शोरूम म्हणावी तर दोन गाड्यांची खोली. खरी जागा मागे होती, लांबलचक वर्कशॉप. तिथली जमीन इतकी स्वच्छ की सुनेने ठमीला खाली सोडायला मागेपुढे पाहिलं नाही. सेल्समन बाहेर गेला होता. आतून हात पुसत मुख्य मेकॅनिक आली. पन्नाशीची बाई, आखूड केस, चष्मा डोक्यावर चढवलेला.

मास्तरांनी तेच प्रश्न विचारले. तिने तुटक, पण नेमकी उत्तरं दिली. अकरा विकल्या. शिकलेली मीच, आणि माझ्या हाताखालचे दोघं. अलाइनमेंट समोरच्या यंत्रावर होते, या बघायला. मास्तर बघायला गेले. यंत्रात काय काय मोजतात, मिलीमीटरच्या कितव्या भागापर्यंत मोजतात, हे विचारत राहिले. ती सांगत राहिली. दोघंही विसरले की गाडी विकत घ्यायची आहे.

मग ती म्हणाली, "बसून बघा."

मास्तर बसले. म्हणजे बसले कसले, गेलेच खाली. सुनेच्या पोटरीइतक्या उंचीवर त्यांची सीट. तिच्या दोन्ही कडा वर आलेल्या, माणसाला वळणावर धरून ठेवायला. दाराचा उंबरठा वीतभर रुंद. आत गेल्यावर मास्तरांचा चेहरा असा उजळला की सुनेने चटकन मोबाइल काढला. दोन्ही हात चाकावर, पाठ ताठ. गिअर टाकून बघितला, काढला, पुन्हा टाकला.

"आता बाहेर या," मेकॅनिक म्हणाली.

मास्तरांनी एक पाय बाहेर टाकला. दुसरा टाकायला गेले तर पहिला आत आला. छताला धरलं, अंग मागे ढकललं, दात आवळले, आणि सीटच्या कडेने त्यांना परत आत ओढलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मेकॅनिक हाताची घडी घालून उभी.

"हात देऊ?"

"नको."

"मग मी थांबते."

ती खरंच थांबली. घड्याळाकडे बघितलं नाही, नजर वळवली नाही. सुनेला मात्र कुठे बघावं कळेना. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. शेवटी त्यांनी सुनेच्या दिशेने हात केला आणि तिने मनगट धरून त्यांना ओढून काढलं.

"तुम्हाला यातून उठता येत नाही," मेकॅनिक म्हणाली.

"आज जरा गुडघा धरलाय."

"गुडघ्याचं नाही. तुम्ही खुर्चीतून उठतो तसं उठायला बघताय. ही खुर्ची नाही. घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण आधी उठायला शिकावं लागेल."

"एकोणसत्तराव्या वर्षी मी उठायला शिकू?"

"न शिकता कसे उठाल?"

मास्तरांनी कोट झटकला, सुनेला "चल" म्हणाले आणि वखारीच्या भुशातून ताडताड चालत निघाले. घरी जिना चढताना म्हणाले, "बोलायची रीत नाही त्या बाईला." सासूबाईंनी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "काही नाही. रंग पसंत पडला नाही." रंग तिन्हीकडे लालच होता.

बुधवार, गुरुवार ते दिवाणखान्यातल्या खुर्चीत बसत उठत राहिले. कुणी आलं की वर्तमानपत्र उघडायचे. सुनेने ठमीला भरवता भरवता सगळं बघितलं.

शुक्रवारी तिसरी शोरूम. इथे पाय ठेवल्या ठेवल्या आवाज खाली यावा अशी जागा. भिंतीपासून भिंतीपर्यंत करडा गालिचा. मॅनेजर साठीकडे झुकलेला, बोलणं लोण्यासारखं. त्याचा कोट मास्तरांनी पाठीमागून, पुढून, बगलेतून बघितला आणि मान डोलवली.

"कुणी शिवला?"

"वडिलांच्या वेळचे शिंपी होते. त्यांच्या मुलाने."

"बरा हात आहे."

मॅनेजरने घाई केली नाही. ठमीचे कपडे बदलायला जागा कुठे आहे हे सुनेने विचारायच्या आधीच सांगितलं. सर्व्हिसचे कागद पुढे ठेवले, मेकॅनिकला बोलावून भेट करून दिली. मग आतल्या खोलीत गाडी तयार ठेवली आहे म्हणाला, आणि दार उघडून स्वतः चार पावलं मागे सरला.

मास्तर बसले. सुनेने मोबाइल सुरू केला. मास्तरांनी एक पाय बाहेर ठेवला. दुसरा ठेवला. छताला धरलं, डोळे मिटले, आणि उठले.

उठले! कुणाचा हात नाही, काही नाही. उभे राहिले आणि स्वतःच्याच पायांकडे बघत राहिले, कुणी नवीन आणून बसवल्यासारखं.

"आलं का त्यात?" त्यांनी मोबाइलकडे बोट केलं. "पाठव त्याला. आत्ता पाठव."

तिने पाठवला. दोन मिनिटांत नवऱ्याचं उत्तर. "मानलं बाबा. घ्या. मी तोंड शिवलं."

"तोंड शिवलं म्हणतो!" मास्तर मोठ्याने हसले. एवढ्या मोठ्याने हसलेले तिने त्यांना लग्नानंतरच्या चार वर्षांत बघितले नव्हते. ते मॅनेजरबरोबर केबिनमध्ये सह्या करायला गेले, जाता जाता गाडीच्या छतावर थाप मारून.

इकडे ठमीने खुळखुळा टाकला. तो घरंगळत गाडीखाली गेला, आणि ठमी रांगत त्याच्यामागे. तिला ओढून काढायला सून गालिच्यावर आडवी झाली. गाल गालिच्याला लागला तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर टायर आला. टायर गालिच्यावर नव्हता. त्याच्याखाली ठोकळा होता, चौकोनी, त्याच करड्या गालिच्यात गुंडाळून खिळे मारलेला. तिने पलीकडे बघितलं. चारही चाकांखाली चार.

ती तशीच पडून राहिली. मंगळवारी मास्तरांना बाहेर न येऊ देणारी गाडी शुक्रवारी का सोडते, हे कोडं तिला पडायला हवं होतं. पडलं नव्हतं, कारण सगळ्यांनाच ते नको होतं. आता काय? केबिनमधून पुन्हा हसण्याचा आवाज आला. तिने गप्प बसायचं ठरवलं असतं तर कुणाला कळलं असतं? नवऱ्याने होकार दिला होता. मास्तरांचं वय दोन तासांत दहा वर्षांनी उतरलं होतं. आणि मग एके दिवशी कुठल्या तरी रस्त्यावर ते एकटे, गाडी ठोकळ्यांवर नाही, आणि धूर. दहा सेकंद.

ती उठली, ठमीला कडेवर घेतलं.

"बाबा, जरा इकडे येता?"

"सही करतोय गं."

"सही नंतर करा. आधी या."

मास्तर आले. तिने टायरकडे बोट केलं. त्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग टायरकडे. मग गुडघ्यावर हात टेकून, कण्हत, खाली बसले. ठोकळ्याला आडवा हात लावला. अंगठा सोडून चारही बोटं बरोबर मावली.

"चार बोटं," ते म्हणाले. "एक्केचाळीस वर्षं टायर बघितले, आणि आज नेमके बघितले नाहीत."

मॅनेजर दारात उभा होता. त्याचा चेहरा पडला, पण तो पळाला नाही. पुढे येऊन त्याने मास्तरांना उठायला हात दिला, आणि मास्तरांनी तो घेतला.

"सर, गैरसमज करून घेऊ नका. वयस्कर गिऱ्हाईक आलं की आम्ही हे करतो. मुलाबाळांसमोर उठता आलं नाही तर माणूस फार खट्टू होतो. मनाला लागू नये, एवढंच."

सुनेला वाटलं, आता मास्तरांचा पारा चढणार. पण त्यांच्या डोळ्यांत वेगळंच काही आलं. कुणाच्या कोटाची शिवण उलटी करून बघताना यायचं तसं.

"आजपर्यंत किती जणांना कळलं?"

"तुम्हीच पहिले."

"आणि गाडी घरी नेल्यावर? तिथे ठोकळे नसतात. लोक काय करतात?"

मॅनेजर म्हणाला, "आमच्याकडे कुणी तक्रार घेऊन येत नाही, सर. मुलाला हाक मारत असतील. किंवा गाडी नुसती उभी असेल. खरं सांगायचं तर मी कधी विचारलं नाही."

"मीही नाही विचारलं कधी," मास्तर म्हणाले. ते भिंतीजवळच्या सोफ्यावर बसले आणि सुनेला शेजारी बसायला खुणावलं. "माणसाचा एक खांदा नेहमी उतरता असतो, माहितीय तुला? कुणाचा डावा, कुणाचा उजवा. मी माप घेताना बघायचो आणि बोलायचो नाही. उतरत्या खांद्यात कापूस भरायचो. माणूस आरशात बघायचा, ताठ व्हायचा, खूश होऊन जायचा. आयुष्यभर मी हेच केलं. म्हणून या माणसावर मला रागावता येत नाही. हा माझ्याच धंद्यातला."

मॅनेजरचा जीव भांड्यात पडल्यासारखा झाला. "मग सर, कागद..."

"थांबा. एक फरक आहे. माझा कापूस कोटात शिवलेला असायचा. गिऱ्हाईकाबरोबर घरी जायचा, आणि कोट असेतो साथ द्यायचा. तुमचे ठोकळे इथेच राहणार." ते सुनेकडे वळले. "तो व्हिडिओ पुसता येतो का?"

"आपल्याकडचा येईल. पण त्यांनी बघितलाय."

मास्तरांनी गाडीकडे बघितलं. होकार खिशात होता. तो परत करायचा म्हणजे गाडी परत करायची, हे तिला कळत होतं, आणि त्यांनाही.

"फोन लाव त्याला."

तिने लावून दिला. मास्तर फोनमध्ये म्हणाले, "हे बघ, ते मी उठलो नव्हतो. गाडी उठली होती." आणि ठोकळ्यांचं सगळं सांगितलं. पलीकडून नवऱ्याचा आवाज बारीक, पण स्पष्ट, "म्हणजे विषय बंद ना बाबा?"

"उद्या पाचपर्यंत वेळ आहे. तीनला वखारीमागे ये. उठता आलं नाही तर विषय बंद, तोपर्यंत नाही."

शनिवारी वखारीमागच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक कुठल्याशा गाडीत डोकं खुपसून होती. मास्तरांनी खाकरून सांगितलं, "त्या दिवशी रागावून गेलो होतो."

"दिसलं," ती म्हणाली. "या."

तिने सीट आधी पूर्ण मागे सरकवली, मग चाक वर उचललं. "बसा. आता बाहेर यायचं. डोकं आधी. पाय नाही, डोकं. दाराबाहेर बघा, जमिनीकडे. असं वाका की पडाल असं वाटलं पाहिजे."

"पडलो तर?"

"पडायचंच आहे. जरा नीट."

सून ठमीला घेऊन भिंतीपाशी उभी. नवरा एक हात खिशात घालून तिच्या शेजारी. दुसऱ्या हातातलं स्टॉपवॉच तो दर खेपेला चालू करत होता, पण बघत नव्हता. पहिल्या खेपेला मास्तरांचा कोट गिअरमध्ये अडकला. कोट काढून ठेवला. दुसऱ्या खेपेला डोकं बाहेर आलं, पाय आतच राहिले, आणि ते अर्धे उंबरठ्यावर, अर्धे सीटवर असे लोंबकळले. मेकॅनिकने हात दिला नाही. नवरा एक पाऊल पुढे झाला, तशी सुनेने त्याची बाही धरली.

"आता वळा," मेकॅनिक म्हणाली. "कुशीवर. रात्री झोपेत वळता तसं. दोन्ही हात जमिनीवर, मग गुडघा."

"गुडघ्यावर उतरू? सगळ्यांसमोर?"

"बाहेर आल्यावर कसेही उभे राहा. मला आधी माणूस बाहेर हवाय."

मास्तर पुन्हा आत बसले. दीर्घ श्वास घेतला. डोकं बाहेर काढलं, कुशीवर वळले, तळहात जमिनीवर टेकले, आणि पाय ओढत, धडपडत, ठमीसारखे चार पायांवर बाहेर आले. तसेच थांबले, धापा टाकत. मग दाराला धरलं, एक गुडघा, दुसरा गुडघा, आणि उभे. पांढरे केस विस्कटलेले, पँटचे गुडघे चुरगळलेले.

सगळे नवऱ्याकडे बघत होते.

"हे काय उठणं झालं?" तो म्हणाला. "हे तर पडले."

"बाहेर पडले की नाही?" सून म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं आणि त्याच्या ओठांचा कोपरा हलला. "किती लागले?" त्याने थांबवलेल्या घड्याळाकडे बघितलं. "तीस. दहा नाहीत, तीस."

"गाडी यायला सात महिने आहेत," मेकॅनिक म्हणाली. "दर मंगळवारी या. आमची डेमोची गाडी उभीच असते. दहावर आणू. दहावर नाही आलं तर मी स्वतः किल्ली देणार नाही, हे बुकिंगच्या कागदावर लिहून घ्या. आणि या उंच कडांची सीट तुमच्यासाठी नाही, सपाट कडांची मागवते. घरी गाडी लावाल तिथे दार पूर्ण उघडतं का?"

"एका बाजूला भिंत आहे," सून म्हणाली. "आणि ठमीची ढकलगाडी."

"ढकलगाडी हलवा. भिंत किती लांब आहे ते मोजून कळवा."

नवऱ्याने घड्याळ खिशात टाकलं. "मंगळवारी मी सोडीन तुम्हाला," तो वडिलांना म्हणाला. "सूनबाईंना किती पिदडाल!"

"म्हणजे ब्र नाही?"

"ब्र नाही. दहा सेकंद होईपर्यंत मात्र मी मोजणार."

कागद आले. मास्तरांनी उभ्या उभ्याच सही केली, घड्याळात साडेचार. मेकॅनिक कागद घेऊन आत गेली. नवरा घरच्या भिंतीपर्यंत किती जागा आहे हे आठवून हवेत हात पसरून मोजायला लागला, आणि सुनेच्या लक्षात आलं की मास्तर दिसत नाहीत.

ते पुन्हा गाडीत बसले होते. दार उघडं, हात चाकावर, समोर वर्कशॉपचं उघडं शटर आणि त्यापलीकडचा रस्ता. बराच वेळ झाला तरी हलेनात. ती वाकली, ठमीही तिच्याबरोबर वाकली.

"काय झालं बाबा? अडकलात का?"

"नाही गं," मास्तर म्हणाले. "नुसता बसलोय."